होडीला हात

मुहर्रकमध्ये ऑगस्टात पूल नुसता शिजतो.
पहाटे साडेचारला बर्फाचा टेंपो येतो,
मी आणि रोमेल लाद्या ढकलतो पाण्यात.
त्या थोडा वेळ तरंगतात, आतल्या आत तडकतात,
आणि पहिली बॅच येईस्तोवर नाहीशा होतात.
पोरं म्हणतात, मिस, पाणी गार का नाही?
काय सांगू.

मी शिकले कृष्णेत,
पाठीला वाळका भोपळा बांधून.
अण्णा कोष्टी घाटावर धोतर खोचून उभे,
ओरडायचे, हात मोजू नकोस गं, दम मोज!
एक दिवस मधल्या धारेत भोपळा सुटला
की त्यांनीच गाठ सैल बांधली होती.
पुष्कळ वर्षांनी विचारलं, तर म्हणाले,
कुठला भोपळा?

मग नुसती अंतरं.
काखेत फासलेलं ग्रीस, मिठाने सोललेली जीभ,
होडीतून काठीला बांधून येणारा पेजेचा पेला.
उताणं होऊन तो पिताना दिसेल
तेवढंच माझं आकाश.
नियम एकच, होडीला हात लावायचा नाही.
लावलास की संपलं.

अडतीस किलोमीटर झाले होते. उरले अडीच.
ओढ फिरली.
दोन तास मी एकाच दिव्याकडे हात मारत होते
आणि दिवा होता तिथेच.
खांद्यात काहीतरी तुटलं,
भिजलेला दोर तुटतो तसं, आवाज न करता.
अण्णा होडीत बसून होते. बोलले नाहीत.
ये म्हणाले असते तर मी गेले नसते.

लाकूड होतं. खरखरीत, एका जागी खिळा वर आलेला.
बोटांना अजून पाठ आहे.

इथले म्हातारे सांगतात,
समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
मोती काढणारे बुडी मारून पखाली भरून आणायचे.
आता भराव पडलाय, वर मॉल आहे.
मी हं हं करत राहते,
आणि तोंडात येते कृष्णेची चव,
गढूळ, किंचित लोखंडी.

मल्लय्या इथला वॉचमन, करीमनगरचा.
अकरा वर्षं बारा-बारा तास पाण्याकडे बघतोय,
पोहता येत नाही.
एकदा म्हणाला, मॅडम, कुणाला सांगू नका.
तेव्हापासून साडेतीनला, बर्फाच्या आधी.
पाकीट आणि फोन तो चपलेखाली ठेवतो,
मुलीचा फोटो वर, पालथा.
पायरी सोडताना देवाचं नाव घेतो, मग माझं.

भोपळा कुठून आणू या वाळूत?
पाण्याचे दोन रिकामे कॅन,
माझी जुनी ओढणी,
आणि गाठ. गाठ मी बांधते.

आज तो निघाला तिकडच्या भिंतीकडून,
तोंडातून फुर्रफुर्र, पाय गाडीचा टायर फुटल्यासारखे.
मी छातीभर पाण्यात उभी, हात पुढे.
जवळ आला की शिकवणारा एक पाऊल मागे सरतो,
हा आमच्या धंद्यातला जुना दगा.
सरले.
त्याने आणखी चार हात मारले.
पुन्हा सरले.
मग त्याच्या डोळ्यांत मला तो दिवा दिसला,
जवळ न येणारा.

मागे भिंतीपर्यंत अजून जागा होती.
मी थांबले.
लाव, म्हटलं. लाव हात.

त्याने धरला तो नेमका दुखरा खांदा.
सगळं वजन घातलं, खोकला, थुंकला, हसला.
मी लाकडासारखी उभी राहिले.

दम आल्यावर त्याने वळून पाहिलं.
दोन्ही कॅन पार मागे, पुलाच्या मधोमध,
मागोमाग ओढणी, सावकाश उलगडत.
मॅडम, हे कधी सुटलं?

मी फाटकाकडे बघत होते.
टेंपो मागे घेताना वाजतो तसं काहीतरी
लांब कुठेतरी वाजत होतं.